‘जर-तर’ विधानांची चार रूपे

निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर एक दृश्य वारंवार दिसते. मतदार ओळखपत्र हातात घेऊन रांगेत उभा राहिलेला नागरिक टेबलापाशी पोहोचतो, यादीत आपले नाव नसल्याचे त्याला कळते आणि मत न देताच तो परततो. ‘ओळखपत्र आहे, मग मतदान का नाही?’ असा त्याचा संतप्त सवाल असतो. यादीतून नाव गळण्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न वेगळा. परंतु त्या नागरिकाने घरून निघताना जो हिशेब केलेला असतो, त्यात तर्काची एक जुनी चूक दडलेली असते. ‘नाव यादीत असेल तर ओळखपत्र मिळते’ हे विधान त्याने मनातल्या मनात उलटे केले आणि ‘ओळखपत्र असेल तर नाव यादीत आहे’ असे गृहीत धरले. शब्द तेच राहिले, दिशा मात्र बदलली.

‘जर’ आणि ‘तर’ यांनी जोडलेल्या विधानाला सशर्त विधान म्हणतात. कायदे, वैद्यकीय सल्ले, विम्याच्या अटी, गणिताची प्रमेये आणि संगणकाचे प्रोग्राम या सर्वांचा सांगाडा अशाच विधानांचा असतो. त्यांची दिशा ओळखता येणे हा तर्कशास्त्राचा पहिला धडा होय. तो दिसतो तितका सोपा नाही.

एका विधानापासून चार

सशर्त विधानाचे दोन भाग असतात. ‘जर’नंतर येणाऱ्या भागाला पूर्वांग आणि ‘तर’नंतर येणाऱ्या भागाला उत्तरांग म्हणतात. ‘एखादी व्यक्ती पुण्यात राहत असेल, तर ती महाराष्ट्रात राहते’ या विधानात पुण्यात राहणे हे पूर्वांग आणि महाराष्ट्रात राहणे हे उत्तरांग होय. या दोन भागांची अदलाबदल करून किंवा त्यांना नकार जोडून आणखी तीन विधाने तयार होतात.

पहिले रूप व्यत्यासाचे. यात दोन्ही भागांची जागा बदलते: ‘एखादी व्यक्ती महाराष्ट्रात राहत असेल, तर ती पुण्यात राहते.’ हे उघडच खोटे आहे. नागपूरचा वा रत्नागिरीचा कोणताही रहिवासी ते खोटे ठरवितो.

दुसरे रूप निषेधाचे. यात जागा त्याच राहतात, दोन्ही भागांना नकार जोडला जातो: ‘एखादी व्यक्ती पुण्यात राहत नसेल, तर ती महाराष्ट्रात राहत नाही.’ हेही खोटे आहे आणि ते खोटे ठरविणारे लोकही तेच आहेत.

तिसऱ्या रूपात जागाही बदलतात आणि नकारही जोडला जातो: ‘एखादी व्यक्ती महाराष्ट्रात राहत नसेल, तर ती पुण्यात राहत नाही.’ हे मात्र खरे आहे. इंग्रजीत या रूपाला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. मराठीत त्याला निषेधव्यत्यास म्हणता येईल.

या उदाहरणात जे दिसले तो योगायोग नव्हे. मूळ विधान आणि त्याचा निषेधव्यत्यास नेहमी एकत्रच खरे किंवा एकत्रच खोटे असतात. त्याचप्रमाणे व्यत्यास आणि निषेधरूप ही आपसांत जोडीने चालतात. परंतु एका जोडीवरून दुसऱ्या जोडीकडे जाण्याचा कोणताही सरळ मार्ग नाही. मूळ विधान खरे असतानाही त्याचा व्यत्यास कधी खरा असतो, कधी नसतो. त्याची शहानिशा स्वतंत्रपणेच करावी लागते.

विधान खोटे कधी ठरते?

हे असे का होते, ते समजण्यासाठी सशर्त विधान नेमके केव्हा खोटे ठरते, हे पाहावे लागेल. एखाद्या दुकानदाराने ‘घड्याळ वर्षाच्या आत बिघडले तर विनामूल्य दुरुस्त करून देऊ’ असे लिहून दिले आहे. घड्याळ बिघडले आणि त्याने ते दुरुस्त करून दिले, तर वचन पाळले गेले. घड्याळ बिघडलेच नाही, तर त्याने काहीही केले वा न केले तरी वचनभंग होत नाही. घड्याळ बिघडले आणि त्याने दुरुस्तीस नकार दिला, एवढी एकच परिस्थिती त्याला खोटे पाडते.

म्हणजेच सशर्त विधान फक्त एकाच प्रसंगी खोटे असते: पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे असताना. निषेधव्यत्यासालाही नेमका हाच प्रसंग खोटे पाडतो, म्हणून ही दोन विधाने समान ठरतात. व्यत्यासाला खोटे पाडणारा प्रसंग वेगळा असतो. घड्याळ बिघडलेले नसतानाही दुकानदाराने ते मोफत साफ करून दिले, तर त्याचे वचन मोडत नाही. ‘विनामूल्य काम केले तर घड्याळ बिघडलेले होते’ हा व्यत्यास मात्र कोसळतो.

ही व्याख्या बरीच जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास मेगारा परंपरेतील फायलो या ग्रीक विचारवंताने ती मांडली. त्याचे गुरू डायोडोरस क्रोनस यांना ती पुरेशी वाटली नाही आणि दोघांत वाद झाला. हा वाद इतका गाजला की, छपरांवरचे कावळेसुद्धा आता कोणते सशर्त विधान खरे यावर काव काव करीत आहेत, अशा अर्थाचा टोमणा कॅलिमॅकस या कवीने मारल्याचे सेक्स्टस एम्पिरिकस याने नोंदविले आहे. आधुनिक काळात गॉटलोब फ्रेग यांनी १८७९ साली तर्कशास्त्राची जी सांकेतिक भाषा रचली, तिच्या पायाशी फायलोचाच अर्थ आहे.

डायोडोरसची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ ही म्हण फायलोच्या नियमाने पाहिली, तर पूर्वांग खोटे असल्यामुळे आपोआप खरी ठरते. आणि ‘मिशा असत्या तर मामा म्हटले असते’ हेही तितकेच खरे ठरते. मराठी भाषा ‘असत्या तर’ अशी वेगळी क्रियारूपे वापरून ही अट वस्तुस्थितीला सोडून असल्याचे आधीच सांगते. अशा विधानांसाठी रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी १९६८ साली आणि डेव्हिड लुईस यांनी १९७३ साली स्वतंत्र उपपत्ती मांडल्या. त्यांच्या मते या विधानांना निषेधव्यत्यासाचा नियमही डोळे झाकून लावता येत नाही. पुढील विवेचन साध्या, वस्तुस्थितीविषयीच्या ‘जर-तर’ विधानांपुरते आहे.

‘तर’ आणि ‘तरच’

विधानाची दिशा दाखविण्याचे मराठीपाशी असलेले साधन अतिशय लहान आहे. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ या वाक्यात पाऊस ही पुरेशी अट आहे. पण सामना अन्य कारणानेही रद्द होऊ शकतो. ‘पाऊस पडला तरच सामना रद्द होईल’ असे म्हणताच पाऊस ही आवश्यक अट बनते. सामना रद्द झाला असेल, तर पाऊस पडलेला असलाच पाहिजे. एका ‘च’मुळे बाणाचे टोक उलट दिशेला फिरते. बाण दोन्ही बाजूंनी हवा असेल, तर गणिताच्या पुस्तकांत ‘तर आणि तरच’ असा जोड वापरला जातो.

‘हेल्मेट घातल्याशिवाय प्रवेश नाही’ या पाटीतही ‘तरच’ लपलेला आहे. हेल्मेट नसेल तर प्रवेश नाही, एवढेच ती पाटी सांगते. आत दिसणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या डोक्यावर प्रवेश करताना हेल्मेट होते, असा निष्कर्ष तिच्यावरून काढता येईल. हेल्मेट घातलेल्या प्रत्येकाला आत सोडलेच पाहिजे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. आवश्यक अट पुरेशी असतेच असे नाही.

मतदानाचा कायदा लिहिणाऱ्यांनी ही काळजी घेतलेली दिसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ मध्ये दोन्ही दिशा वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. यादीत नाव नसलेल्या व्यक्तीला त्या मतदारसंघात मतदानाचा हक्क नाही, ही एक बाजू. यादीत नाव असलेल्या प्रत्येक व्यक्तीला तो आहे, ही दुसरी; पण तिला कायद्याने नमूद केलेले अपवाद जोडलेले आहेत. ओळखपत्राचे स्थान या दोहोंहून निराळे आहे. यादीत नाव असलेल्या मतदाराला आयोगाने मान्य केलेला अन्य पुरावा दाखवूनही मत देता येते. म्हणजे ओळखपत्र ही पुरेशी अट नाही आणि आवश्यक अटही नाही.

धूर, अग्नी आणि तापलेला गोळा

भारतीय न्यायदर्शनाने हाच प्रश्न अनुमानाच्या संदर्भात हाताळला. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, असे अनुमान केले जाते. त्याचा आधार म्हणजे जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियत संबंध. त्याला व्याप्ती म्हणतात. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या प्रवेशग्रंथातही ही व्याप्ती दोन बाजूंनी दाखविली आहे. धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात, ही अन्वयव्याप्ती. अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे सरोवरात, ही व्यतिरेकव्याप्ती. दुसरी मांडणी म्हणजे पहिलीचा निषेधव्यत्यासच होय.

व्यत्यासाबाबत मात्र नैयायिक सावध होते. ‘डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तेथे धूर आहे’ हे अनुमान त्यांनी सदोष ठरविले. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाशी त्याचा संयोग व्हावा लागतो. न सांगितलेल्या या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. व्यत्यास फसतो तो बहुधा अशा एखाद्या अनुच्चारित अटीमुळे, हे या उदाहरणातून नेमके कळते.

गणितातील एक धडा

शालेय भूमितीत पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास अशी दोन स्वतंत्र प्रमेये शिकविली जातात. एकच गोष्ट दोनदा कशाला, असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु त्रिकोण काटकोन असेल तर बाजूंच्या वर्गांचा संबंध कसा असतो, हे एक विधान. आणि वर्गांचा संबंध तसा असेल तर त्रिकोण काटकोन असतो, हे दुसरे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडातही ती ४७ आणि ४८ क्रमांकाची वेगळी प्रमेये आहेत. येथे व्यत्यास खरा आहे. पण तो सिद्ध करावा लागतो, आपोआप मिळत नाही.

तो आपोआप का धरू नये, याचे उत्तम उदाहरण पिएर द फर्मा यांनी १६४० साली मांडलेल्या प्रमेयात सापडते. त्याचा एक साधा भाग असा: एखादी संख्या मूळ असेल, तर २ चा तितकावा घात करून त्यातून २ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला त्या मूळ संख्येने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, ७ साठी २ चा सातवा घात १२८. त्यातून २ वजा केले की १२६, आणि त्याला ७ ने भाग जातो. मग ज्या संख्येने असा भाग जातो ती मूळच असते का? लहान संख्या तपासल्या तर तसेच दिसते. परंतु ३४१ पाशी हा समज मोडतो. ३४१ ही ११ आणि ३१ यांचा गुणाकार आहे, तरीही ती या कसोटीस उतरते. यापूर्वीची एकही संयुक्त संख्या अशी फसवणूक करीत नाही. शेकडो उदाहरणे जुळली म्हणून व्यत्यास खरा मानणे किती धोक्याचे आहे, हे येथे स्पष्ट होते.

याच प्रमेयाचा निषेधव्यत्यास मात्र भरवशाचा आहे. भाग जात नसेल, तर संख्या मूळ नाही, हे तिचे अवयव न शोधताही ठामपणे सांगता येते. इंटरनेटवरील व्यवहारांच्या सांकेतिक सुरक्षेसाठी प्रचंड मोठ्या मूळ संख्या लागतात. त्या शोधताना नको असलेल्या संख्या वेगाने बाजूला काढण्यामागे हेच तत्त्व आहे.

‘तर’चे रूपांतर ‘तर आणि तरच’मध्ये करणे किती मोलाचे असते, हे कानपूरच्या आयआयटीतील संशोधनाने दाखवून दिले. ऑगस्ट २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि पुरेशा वेगाने ठरविणारी रीत जाहीर केली. फर्माच्या प्रमेयाचे बहुपदींतील जे व्यापक रूप तिच्या पायाशी आहे, ते दोन्ही दिशांनी खरे असते. त्याची पडताळणी आटोपशीर वेळेत करता येते, हे सिद्ध करणे ही या तिघांची कामगिरी. त्यांना २००६ साली गॉडेल पारितोषिक मिळाले.

मन का फसते?

तर्कशास्त्राचे नियम ठाऊक असूनही माणसे चुकतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेले चार पत्त्यांचे कोडे त्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक आहे. समोर दिसतात ते पत्ते असे: अ, क, ४ आणि ७. ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो’ हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील?

बहुतेक जण अ आणि ४ हे पत्ते निवडतात. बरोबर उत्तर अ आणि ७ असे आहे. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. वेसन यांच्या प्रयोगांत दहातील एकालाही हे उत्तर साधले नाही. ४ निवडणारे व्यत्यासाच्या मागे जातात आणि ७ सोडणारे निषेधव्यत्यास विसरतात.

रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथे हेच कोडे वेगळ्या वेषात मांडले. ‘बिअर पीत असेल तर त्या व्यक्तीचे वय १९ च्या वर असले पाहिजे’ हा नियम मोडला जात आहे का, हे पोलिसाच्या भूमिकेतून तपासायचे होते. या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी बरोबर पत्ते निवडले. बिअर पिणारा आणि १६ वर्षांचा मुलगा या दोघांचीच चौकशी करायची, हे सांगण्याची गरज पडली नाही. नियम कोण मोडतो आहे, असा प्रश्न समोर ठेवला की दिशा सहज सापडते.

चुकीचे दुसरे कारण रोजच्या बोलण्यात आहे. ‘अभ्यास संपवलास तर खेळायला जाता येईल’ असे आई म्हणते, तेव्हा अभ्यास न संपविल्यास जाता येणार नाही, हे मूल न सांगता ओळखते आणि आईलाही तेच अभिप्रेत असते. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. घरगुती संवादात असे ऐकणे योग्यच असते. तीच सवय करारपत्रात, औषधाच्या चिठ्ठीत वा न्यायालयात नेली की घोटाळा होतो.

रुग्णालय आणि न्यायालय

व्यवहारात ‘जर-तर’ला बहुधा शक्यतेची जोड असते आणि तेथे दिशेची चूक अधिक महाग पडते. समजा, दहा हजार लोकांपैकी १०० जणांना एक आजार आहे. त्याची चाचणी आजारी व्यक्तींपैकी ९५ टक्के जणांना अचूक ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्के जणांना चुकून आजारी ठरविते. ‘आजार असेल तर चाचणी ९५ टक्के वेळा सकारात्मक येते’ हे ऐकून, चाचणी सकारात्मक आली म्हणजे आजाराची शक्यता ९५ टक्के, असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात १०० आजारी व्यक्तींपैकी ९५ आणि ९,९०० निरोगी व्यक्तींपैकी ४९५, अशा एकूण ५९० जणांची चाचणी सकारात्मक येईल. त्यांपैकी खरे आजारी फक्त ९५, म्हणजे सुमारे १६ टक्के. दुसरी चाचणी करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात, तो यासाठी.

ब्रिटनमधील सॅली क्लार्क या महिला वकिलाच्या खटल्यात ही चूक न्यायालयात पोहोचली. त्यांची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ साली दगावली. मातेनेच त्यांचा जीव घेतल्याच्या आरोपावरून १९९९ साली त्यांना जन्मठेप झाली. अशा कुटुंबात दोन बालकांचा नैसर्गिक कारणाने आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असे सरकार पक्षाच्या वैद्यकीय तज्ज्ञाने सांगितले होते. दोन मृत्यू परस्परांशी असंबद्ध मानून काढलेला हा आकडा मुळातच सदोष होता. शिवाय ‘माता निर्दोष असेल तर असे मृत्यू घडण्याची शक्यता’ आणि ‘असे मृत्यू घडले असतील तर माता निर्दोष असण्याची शक्यता’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मातेने दोन बालकांची हत्या करणे हेही अतिशय दुर्मीळ असते. तुलना व्हायला हवी ती या दोन दुर्मीळ शक्यतांची. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली जाहीर निवेदन काढून या आकडेवारीवर आक्षेप घेतला. बचाव पक्षाला न दिलेले वैद्यकीय अहवाल पुढे आल्यानंतर जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. २००७ साली सॅली क्लार्क यांचे निधन झाले.

अशा चुकीला तर्कशास्त्रात एक साधी कसोटी आहे. कोणतेही ‘जर-तर’ समोर आले की ते खोटे पाडणारा प्रसंग कोणता, हे आधी विचारावे. पुण्याबाहेरचा महाराष्ट्रीय, तापलेला लोखंडी गोळा, ३४१ ही संख्या किंवा चाचणी सकारात्मक आलेली निरोगी व्यक्ती. प्रत्येक वेळी असे एकच उदाहरण व्यत्यासाचा खरेपणा हिरावून घेते आणि मूळ विधानाला मात्र धक्का लावत नाही. मतदाराच्या बाबतीत हे उदाहरण म्हणजे ओळखपत्र असूनही यादीत नाव नसलेली व्यक्ती. अशी व्यक्ती असू शकते, एवढे ध्यानात आले की ओळखपत्र खिशात टाकण्यापूर्वी यादी पाहणे ओघानेच येते.